स्टेशनचं जन्मवर्ष नेमकं कोणतं?

प्रश्न असा आहे: मुंबईच्या उपनगरीय मार्गावरच्या आपल्या स्टेशनवर रहिवासी संघाला छोटी पुस्तिका काढायची आहे. बुकिंग ऑफिसजवळच्या फलकावर एक वर्ष आहे, फलाटावरच्या लोखंडी खांबावर दुसरं, इंटरनेटवर तिसरं. खरं कोणतं धरायचं आणि तपासायचं कसं?

उत्तर: तिन्ही वर्षं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त ती एकाच गोष्टीची नाहीत. उपनगरीय स्टेशन एका दिवसात उभं राहत नाही. आधी मार्ग पडतो, मग थांबा मिळतो, मग पक्का फलाट, मग वीज, मग पूल, आणि मधेच कधीतरी नाव बदलतं. ‘स्टेशन कधी सुरू झालं’ एवढाच प्रश्न घेऊन कागदांत शिरलात तर चकवा लागल्यासारखे फिरत राहाल. म्हणून पहिलं काम प्रश्न फोडण्याचं: मार्ग कधीचा, गाडी इथे थांबायला लागली कधी, आजच्या जागेवर स्टेशन कधीपासून, विजेची गाडी कधी आली, आजचं नाव कधीचं. वहीत पाच ओळी आखा आणि प्रत्येक पुरावा त्या-त्या ओळीतच लिहा.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या दोन ओळींत होतो. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि १ मे १८५४ ला मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. या दोन तारखा मार्गाच्या. तरी या पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनला लोक सरसकट १८५३ चिकटवतात. विद्याविहार घ्या. हे नाव सोमैया विद्याविहार या शिक्षणसंकुलावरून आलं आणि ते संकुल १९५९ सालचं. म्हणजे रूळ १८५३ चे आणि नाव त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी आलेलं. पश्चिमेला राममंदिर स्टेशन २२ डिसेंबर २०१६ ला उघडलं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जोगेश्वरी आणि गोरेगावमधून गाड्या त्याआधी कितीतरी पिढ्या धावत होत्या. मार्गाचं वय स्टेशनला लावायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

हार्बरवर याच्या उलट घोळ होतो. कुर्ला ते रे रोड हा फाटा १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाला. व्हीटीपासून, म्हणजे आजच्या सीएसएमटीपासून, कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची पहिली गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. २०२५ मध्ये जी शताब्दी झाली ती विजेच्या गाडीची. तुमचं स्टेशन रे रोड आणि कुर्ल्याच्या दरम्यान असेल तर १९२५ हे त्याचं जन्मवर्ष धरण्याआधी १९१० च्या बाजूने तपासा. पश्चिम मार्गावर विरारहून दक्षिणेकडे लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, विजेची गाडी कुलाबा ते बोरिवली जानेवारी १९२८ मध्ये आली आणि विरारपर्यंत १९३६ मध्ये. आणि स्टेशनं बंदही पडतात. मुंबई सेंट्रल डिसेंबर १९३० मध्ये उघडलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चर्चगेटपलीकडचं कुलाबा टर्मिनस बंद झालं. पश्चिम मार्गाच्या जुन्या वेळापत्रकात अंतर कुलाब्यापासून दिलेलं असेल, तर ते आजच्या चर्चगेटपासूनच्या किलोमीटरशी जुळणार नाही. आकडा जुळत नाही म्हणून स्टेशन सरकलं असा निष्कर्ष काढू नका. आधी मोजमापाची सुरुवात कुठून ते बघा, मग मैल आहेत की किलोमीटर ते.

आता नाव. इथे फुकटचा पुरावा म्हणजे स्टेशनचा कोड, जो तिकिटावर आणि पासावर छापलेला असतो. कुर्ल्याचा कोड सीएलए आहे. इंग्रजी ‘के’ने सुरू होणाऱ्या गावाच्या कोडची सुरुवात ‘सी’ने का? कारण हा कोड ‘कूर्ला’ या सी आणि दोन ओ असलेल्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आलेला आहे. ठाण्याचा टीएनए हा ‘टॅना’वरून, वसई रोडचा बीएसआर हा ‘बॅसीन रोड’वरून. स्पेलिंग सुधारलं तेव्हा फलक रंगवले गेले, कोड मात्र तसेच राहिले. नाव पूर्णपणे बदललं की कोडही बदलतो असा अलीकडचा अनुभव आहे. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं जुलै २०१८ मध्ये आणि कोड ईपीआरचा पीबीएचडी झाला. मुंबई सेंट्रलचा बीसीटी जाऊन एमएमसीटी आला. कोड आणि नाव जुळत नसतील तर जुन्या स्पेलिंगचा शोध घ्या आणि अर्काइव्हमध्ये त्याच स्पेलिंगने विचारा. ‘के’ने कुर्ला शोधलंत तर एकोणिसाव्या शतकातलं बरंचसं हातातून निसटेल.

दादरचे कोड दोन आहेत, मध्य रेल्वेचा डीआर आणि पश्चिमेचा डीडीआर, कारण मुळात ती दोन कंपन्यांची दोन स्टेशनं. एक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी जीआयपीचं, दुसरं बीबीसीआयचं, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं. मध्य आणि पश्चिम रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाल्या. त्याआधीच्या कागदांत ‘मध्य रेल्वे’ दिसली तर तो कागद मागाहून लिहिलेला आहे असं खुशाल समजा.

नावातल्या ‘रोड’ शब्दावरही थोडं थांबायला हवं. तो दोन अर्थांनी येतो. वसई रोड म्हणजे वसई गावाला जाण्यासाठी इथे उतरा. गाव लांब आणि स्टेशन रस्त्याच्या तोंडाशी, ही रेल्वेची जुनी पद्धत. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड ही मात्र खरोखरच्या रस्त्यांची नावं आणि ते रस्ते गव्हर्नरांच्या नावाचे. पहिल्या प्रकारात जुनं गाव कुठे होतं ते शोधावं लागतं, दुसऱ्यात रस्त्याचं वय पुरेसं असतं, कारण रस्त्याला नाव मिळण्याआधी स्टेशनला ते मिळू शकत नाही. लॉर्ड रे १८८५ मध्ये गव्हर्नर झाले, त्यामुळे त्याआधीच्या म्हणवणाऱ्या नकाशावर रे रोड दिसला तर तो थर नंतरचा. तिसरा प्रकार पार विस्मरणात गेलेल्या नावांचा. बीबीसीआयच्या सुरुवातीच्या थांब्यांच्या यादीत ‘पहाडी’ आहे, ते आजच्या गोरेगाव परिसरातल्या गावाचं नाव. यादीत आपलं स्टेशन दिसत नाही म्हणून ते नव्हतंच असं ठरवण्याआधी आजूबाजूच्या जुन्या महसुली गावांची नावं काढा.

आता फलाटावर चला. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, स्टेशन मॅनेजरला काय करताय ते सांगा आणि रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि बघायचं ते सगळं फलाटावरच आहे. दुपारी साडेबारा ते तीनच्या मधे गर्दी त्यातल्या त्यात कमी असते.

छपराचे जुने खांब बऱ्याच ठिकाणी वापरून काढलेल्या रुळांचे असतात. रुळाचे तीन भाग: वरचं डोकं, मधली उभी पट्टी आणि खालचा पाय. पट्टीवर कारखान्याने लाटतानाच उठावाची अक्षरं काढलेली असतात, ज्यात कारखान्याचं नाव, वर्ष, कधी महिना आणि यार्डाला किती पौंड किंवा मीटरला किती किलो हे वजन असतं. भारतीय रुळांवर महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो. अक्षरांवर रंगाचे दहा-बारा थर चढलेले असतात, म्हणून समोरून काही दिसत नाही. टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून तिरका धरा. उठावाच्या सावल्या पडतात आणि अक्षरं वाचता येतात. तरीही लागलं नाही तर पातळ कागद लावून त्यावर मेणाचा खडू आडवा घासा. रंग खरवडू नका, गंज तिथूनच सुरू होतो. एका खांबावर अक्षरं अर्धीच असतील तर शेजारचा बघा. मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा उमटलेला असतो, पण कापताना तो तुटतो.

आणि इथेच तुमचं खांबावरचं वर्ष फसवतं. ते वर्ष रूळ लाटल्याचं असतं, छप्पर उभारल्याचं नाही. रूळ आधी मार्गात पंचवीस-तीस वर्षं घासला जातो, काढल्यावर यार्डात पडून राहतो, मग कधीतरी खांब होतो. रुळाचं डोकं एका बाजूने झिजलेलं दिसलं तर तो वळणावर वापरलेला रूळ आहे हे नक्की. डोकं कोरं असलं तरी तो नवा आणला होता असं सिद्ध होत नाही. म्हणून खांबावरचं वर्ष फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं. एका छपराचे सगळे खांब वाचा आणि सर्वांत अलीकडचं वर्ष धरा. दहा खांब जुने आणि एकावर वीस वर्षांनंतरचं साल असेल, तर एक तर छप्पर त्या सालानंतरचं, नाहीतर तो खांब मागाहून बदललेला. त्याचा तळ, बोल्ट आणि रिव्हेट बाकीच्यांसारखेच आहेत का, यावरून ते कळतं.

क्वचित वर आणि खाली दोन्हीकडे सारखं डोकं असलेला रूळ खांब झालेला दिसतो. तो दुमुखी रूळ. वरची बाजू झिजली की उलटा करून वापरू, असा मूळचा हिशेब होता. तो फसला, कारण खालचं डोकं ज्या बिडाच्या बैठकीत बसायचं तिथे दाबून खाचे पडायचे, आणि उलटा केलेला रूळ गाडीला दणके द्यायचा. असा खांब सापडला तर फोटोसाठी मोजपट्टी शेजारी ठेवा. बिडाचे नक्षीदार ब्रॅकेट असतील तर त्यात कंपनीची अक्षरं गुंफलेली आहेत का बघा. जीआयपी किंवा बीबीसीआयची अक्षरं म्हणजे ते १९५१ आधीचं ओतकाम.

खांबाचा तळ बघायला विसरू नका. जुन्या बिडाच्या खांबाला पायाशी गोल कडं किंवा चौरस बैठक असते. ती दिसत नसेल आणि खांब थेट फरशीतून उगवल्यासारखा वाटत असेल, तर फलाट नंतर उंचावला आहे. जुन्या बुकिंग ऑफिसात फलाटावरून एक-दोन पायऱ्या खाली उतराव्या लागतात, त्याचंही कारण हेच. आपल्याकडे उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर हे ठरलेलं माप होतं. लोकलच्या डब्याची फरशी त्याहून बरीच वर, त्यामुळे फलाट आणि डबा यांच्यात जीवघेणी पोकळी राहायची. २०१४ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून फक्त लोकल थांबणारे फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत चढवले गेले. कडेच्या दगडाकडे बाजूने, म्हणजे समोरच्या फलाटावरून पाहिलंत तर हे थर मोजता येतात: खाली काळ्या दगडाचं बांधकाम, त्यावर एक काँक्रीटची पट्टी, त्यावर दुसरी.

उंचीसारखीच लांबीही वाचता येते. लोकलचा डबा साधारण २० ते २१ मीटर. नऊ डब्यांची गाडी १९० मीटरच्या आसपास, बारा डब्यांची २५५ च्या आसपास, पंधरा डब्यांची तीनशेच्या पुढे. फलाटाच्या एका टोकापासून पावलांनी मोजत चला आणि कडेचा दगड कुठे बदलतो, छप्पर कुठे संपतं, फरशीचा रंग कुठे तुटतो ते लिहा. १९० च्या आसपास एक सांधा आणि २६० च्या आसपास दुसरा मिळाला तर फलाट दोनदा वाढवला गेला. बारा डब्यांच्या गाड्या १९८० च्या दशकात आल्या, पंधरा डब्यांची पश्चिमेवर नोव्हेंबर २००९ मध्ये, मध्यवर २०१२ मध्ये. हार्बरवरच्या गाड्या पूर्णपणे बारा डब्यांच्या व्हायला २०१६ उजाडलं. एकाच टोकाला वाढ झाली असेल तर दुसऱ्या टोकाला पूल, फाटक किंवा रुळांचा सांधा आडवा आला असणार. फलाटाची दोन्ही टोकं अशीच का, याचं उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

पादचारी पूल हा वेगळाच विषय आहे आणि पुस्तिकेत त्याला जास्त जागा द्यावी असं माझं मत. रिव्हेट मारलेला पूल साधारणपणे जुना, वेल्डिंगचा नंतरचा. गर्डरवर पोलाद कारखान्याचं नाव उठावात असतं, डॉर्मन लाँग किंवा टाटा, पण रुळासारखीच इथेही सावधगिरी हवी, कारण एका स्टेशनवरचा पूल काढून दुसरीकडे बसवलेली उदाहरणं आहेत. त्यापेक्षा मोलाचं म्हणजे जिने कुठल्या दिशेला उतरतात ते. स्टेशन कोणासाठी बांधलं होतं ते जिना सांगतो. परळ-एल्फिन्स्टनचा पट्टा गिरणगावाचा. गर्दी पाळीच्या भोंग्यावर यायची आणि जायची. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, त्या जमिनींवर कार्यालयं उभी राहिली, आणि ज्या स्टेशनवर आसपासची वस्ती ये-जा करायची तिथे सकाळी शहरभरातून माणसं उतरायला लागली. चढणारी गर्दी पंधरा मिनिटांत हळूहळू जमते, उतरणारी एका मिनिटात जिन्यावर येते. त्याच अरुंद जिन्यावर दोन गाड्या एकदम आल्या आणि वर पावसामुळे माणसं पुलावरच थांबली की काय होतं, ते २९ सप्टेंबर २०१७ ला दिसलं. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. आपल्या स्टेशनवर पुलांची संख्या आणि रुंदी कधी बदलली याचा तक्ता केला, तर वस्ती कधी पालटली ते बांधकामाच्या कागदाशिवाय कळतं.

कागदांकडे आता. मार्गाच्या तारखांसाठी रेल्वेच्या जुन्या अधिकृत अहवालांत विभागवार नोंदी असतात, कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या दिवशी. त्यात मधली स्टेशनं नसतात, त्यामुळे स्टेशनसाठी वेळापत्रकं लागतात. न्यूमनचं इंडियन ब्रॅडशॉ आणि कंपन्यांची स्वतःची वेळापत्रकं घ्या. दोन लागोपाठचे अंक मिळाले आणि पहिल्यात नाव नाही, दुसऱ्यात आहे, तर त्या दोन तारखांमधे थांबा सुरू झाला. नावापुढची खूण वाचा. ‘झेंडा दाखवल्यास थांबेल’ अशी खूण असेल तर तो पूर्ण थांबा नव्हता. ती खूण कधी गेली, हीदेखील इतिहासातली तारीखच.

जिल्ह्याची चूक फार जण करतात. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९२० ला झाला. त्याआधी वांद्रे, कुर्ला, अंधेरी हे ठाणे जिल्ह्यातले. म्हणजे १९२० पूर्वीच्या या स्टेशनांची माहिती मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, शोधून सापडणार नाही. ती १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये बघायची. जमिनीसाठी महसुली बाजू धरा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ६ ची घोषणा सरकारी राजपत्रात छापली जायची, गावाचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ‘रेल्वेसाठी’ हा उद्देश यांसकट. फलाट रुंदावण्यासाठी दोन गुंठे घेतले असले तरी तिथे नोंद असते. नकाशांवर दोन सालं असतात, पाहणीचं आणि छपाईचं. नकाशातली गावं पाहणीच्या सालातली, पण रेल्वे मागाहून भरलेली असू शकते.

अलीकडच्या पन्नास वर्षांसाठी माहितीचा अधिकार सोपा पडतो. मध्य रेल्वेचं स्टेशन असेल तर मुंबई विभागाच्या सीएसएमटीतल्या कार्यालयाकडे, पश्चिमेचं असेल तर मुंबई सेंट्रलला. फी दहा रुपये, प्रतींना पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘आमच्या स्टेशनचा इतिहास द्या’ असं लिहिलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच येईल, आणि त्यात कर्मचाऱ्याचा फारसा दोषही नाही, कारण इतिहास नावाची फाइल कुणाकडेच नसते. कागद मागा: पादचारी पुलांच्या नोंदवहीतली या स्टेशनची पानं, फलाट उंचावण्याच्या आणि वाढवण्याच्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले, नामांतराची अधिसूचना. एका अर्जात एका शाखेचेच कागद विचारा. पूल अभियांत्रिकी शाखेकडे आणि नाव वाणिज्य शाखेकडे असलं की अर्ज टेबलाटेबलांवर फिरत बसतो.

इंटरनेटवरचं तिसरं वर्ष कुठून आलं ते शोधायला वेळ घालवू नका. बहुतेकदा ते मार्गाचं वर्ष असतं आणि एकमेकांवरून उतरवलेलं असतं. पाच संकेतस्थळांवर सारखंच आहे म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही.

लोकांकडून जुने फोटो मागवाल, तेव्हा तारीख गाडीवरून लावा. जांभळ्या-पांढऱ्या रंगाची गाडी दिसली तर फोटो नोव्हेंबर २००७ नंतरचा, वातानुकूलित लोकल असेल तर २५ डिसेंबर २०१७ नंतरचा. आणि फलाटाच्या क्रमांकावर भरवसा ठेवू नका. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, कारण पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून पुढे मोजणी केली गेली. आज जो ८ आहे तो तेव्हाचा १, आणि तेव्हाचा ८ आज १४ आहे, कारण मधला २ त्याआधीच बंद झाला होता. त्यामुळे ‘दादर, फलाट ८’ अशी फोटोखालची ओळ घेताना आधी फोटो कधीचा ते विचारा, आणि मध्यचा की पश्चिमेचा हेही त्यासोबत लिहून ठेवा.